मणी कोण करतं?

४ मार्च

आज कारखान्यातून निकाल आला. पाण्यातल्या पॅलेडियमच्या शंभर भागांपैकी शहाण्णव भाग माझ्या मण्यांनी धरून ठेवले. शहाण्णव! चिठ्ठी मी तीनदा वाचली आणि मग हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, "आधी जेवून घ्या."

गेल्या वर्षी बावीस वर्षांच्या नोकरीनंतर ज्या कारखान्याने मला एका दुपारी घरी पाठवलं, त्याच कारखान्याचा हा निकाल. तिथे सर्किट बोर्ड बनतात. बोर्डाला भोकं पाडायची, भोकांत तांबं नीट बसावं म्हणून आधी बोर्ड पॅलेडियमच्या पाण्यात बुडवायचे, मग धुवायचे. धुतलेलं पाणी गटारात. पॅलेडियम म्हणजे सोन्याच्या तोडीचा धातू. तो रोज चिमूट चिमूट गटारात जायचा आणि मी प्रयोगशाळेत बसून किती गेला ते मोजायचो. साहेबांना किती वेळा सांगितलं. साहेब म्हणायचे, "तुम्ही आकडे द्या, सल्ले नकोत."

म्हणून आता सल्ला दिला नाही, मणी दिले. कोळंबीच्या टरफलांपासून एक पूड निघते. ती व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात विरघळवायची आणि सुईतून थेंबथेंब कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडायची. थेंब पडला की त्याचा मणी होतो. मग तो औषधात भिजवून पक्का करायचा, धुवायचा, वाळवायचा. आतून तो पावासारखा जाळीदार असतो. पाणी आत शिरून बाहेर पडतं, धातू आतच अडकतो. सगळी कृती माझ्या वहीत आहे, साडेचार पानं.

वहिनींना निकाल सांगायला विसरलो. उद्या सांगेन.

७ मार्च

वहिनींनी पुन्हा स्पिरिट मागवलं. महिन्यात तिसऱ्यांदा.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी तीस वर्षं हॉस्पिटलात काचपट्ट्या करायच्या. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा यांच्याकडे यायचा. त्यावर काय काय सोपस्कार करून, त्याचा पापुद्रा कापून, काचेवर चिकटवून द्यायचा, म्हणजे डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून रोग बघणार. निवृत्तीनंतर घरी एकट्याच बसून असायच्या. मीच म्हटलं, शेडवर येत जा, तुमचाही वेळ जाईल. शेड म्हणजे बंद पडलेली एक लाँड्री, भाड्याने घेतलेली. आता त्या सकाळी आठला येतात आणि सहाला जातात. सुई धरायला हात स्थिर लागतो, माझा थरथरतो. त्यामुळे थेंब सोडणं, धुणं, वाळवणं त्याच बघतात. मी वरचं सगळं बघतो.

पण हॉस्पिटलची सवय काही सुटत नाही. जिथे तिथे स्पिरिट. मागच्या फळीवर पाच बरण्या मांडून ठेवल्यात, झाकणांवर एक ते पाच आकडे घातलेत. मी म्हटलं, "वहिनी, एवढं स्पिरिट लागतं कशाला? आपल्याला ऑपरेशन करायचंय का?"

म्हणाल्या, "भावजी, दोन मिनिटं बसा, दाखवते. तुमच्या वहीत ओव्हन लिहिलाय ना, तो मी—"

तेवढ्यात चष्म्याचा फोन आला. चष्मा म्हणजे कारखान्यातला इंजिनियर. चाळिशीतला, सरळमार्गी, मला अजून नमस्कार करणारा तिथला एकटाच माणूस. फोन लांबला आणि बोलणं राहून गेलं. स्पिरिट मात्र आणावं लागलं.

११ मार्च

चष्मा शेड बघायला आला. सगळीकडे हात लावून बघितलं. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून चाळणीत मणी धूत होत्या. चष्म्याने मला विचारलं, "मणी कोण करतं तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "घरचंच माणूस आहे."

"बरं आहे. घरचं माणूस सुट्टी मागत नाही."

आम्ही दोघं हसलो. वहिनींची चाळणी थोडा वेळ थांबली, मग पुन्हा हलायला लागली. पाणी गार असेल.

पंचवीस तारखेला साहेबांसमोर मोठी चाचणी आहे. ती पार पडली की कारखाना मणी घेणार. ज्या दारातून मला बाहेर काढलं, त्याच दारातून आत जाईन. तोवर पेटंटचा अर्ज तयार ठेवावा, असं चष्म्याने सुचवलं. उद्या वकिलांकडे जातो.

१२ मार्च

वकिलांनी अर्ज दिला. तो शेडवर टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेलो. परत आलो तर वहिनी तो वाचत होत्या, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून.

"भावजी, सहावा रकाना शोध लावणाऱ्याच्या नावाचा आहे. खाली तीन ओळी दिल्यात. एकीवर माझं नाव लिहा."

मला वाटलं गंमत करताहेत. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला आता नाव घेऊन काय करायचंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हटलं, "कल्पना माझी आहे. बावीस वर्षं ते पाणी मी मोजलंय."

"कल्पना तुमचीच. मी कुठे नाही म्हणते? पण ते शहाण्णव माझ्या हातचे आहेत. तीस वर्षं काचपट्ट्या केल्या भावजी. एकेका पट्टीवर खाली डॉक्टरांचं नाव. तेव्हा गप्प बसले. आता नाही बसायचं, असं ठरवलंय."

"हाताचं काम वेगळं आणि शोध वेगळा. असं नाव द्यायला लागलो तर उद्या सुया विकणारासुद्धा मागेल."

त्यांनी हातमोजे काढले, उलटे करून धुतले, दोरीवर टाकले. पिशवी उचलली. दारातून म्हणाल्या, "तुमच्या मण्यांना डोळे असते ना भावजी, तर त्यांनी तुम्हाला ओळखलंही नसतं."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "लिहा की नाव. शाई संपते का तुमची?" मी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत वहिनींची. हिने पातेलं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं.

१५ मार्च

वहिनी तीन दिवस आल्या नाहीत. निरोप नाही. ठीक आहे. कृती वहीत आहे आणि वही माझ्याकडे आहे.

१९ मार्च

मणी मीच केले. हात थरथरतो म्हणून सुई लाकडी चौकटीत बसवली. अडलंय कुणाचं? औषधात भिजवले, धुतले, आणि वहीत लिहिल्याप्रमाणे साठ अंशांवर आठ तास ओव्हनमध्ये ठेवले. ओव्हनवर बोटभर धूळ होती. दाराची बिजागरी गंजून धरली होती, तेल घालावं लागलं. रोजच्या वापरातला ओव्हन गंजतो कसा, कळत नाही. वहिनी निगा राखत नसणार.

पण मणी काय देखणे झालेत! मोहरीएवढे, कडक, चकचकीत, सगळे सारखे. वहिनींचे पांढरट, फुगीर असायचे, बोटात दाबले तर दबायचे. हे टेबलावर टाकले की टणाटण उड्या मारतात. बरणीभर व्हायचे ते वाटीभर झाले, म्हणजे जागाही कमी लागणार. इतके दिवस हे मीच का केलं नाही, असं वाटलं. पाच बरण्या रिकाम्या करून फळी मोकळी केली. त्यांतलं स्पिरिट फरशी पुसायला वापरलं.

२५ मार्च

लिहायचं मनात नव्हतं. पण आज नाही लिहिलं तर उद्या मी याला वेगळा रंग देईन, स्वतःला मी ओळखतो.

साहेब, चष्मा, आणखी दोघं. हातभर लांबीची काचेची नळी, तिच्यात माझे मणी. वरून धुण्याचं पाणी सोडलं. पॅलेडियम धरलं गेलं की मणी पिवळे पडतात. नळीत वरून खाली पिवळा पट्टा उतरत जातो. मी साहेबांना म्हटलं, आता बघा. सगळे बघत राहिले. पाणी वरून आलं आणि खालून गेलं. मणी होते तसेच राहिले. पाऊण तास झाला. कुणीतरी खुर्ची आणली, ती साहेबांसाठी होती.

खालचं पाणी मोजायला नेलं. कागद आला. चष्मा तो घ्यायला पुढे झाला, तर साहेब म्हणाले, "त्यांना द्या. बावीस वर्षं आकडे त्यांनीच दिलेत. आजचाही तेच वाचतील."

मी वाचला. मण्यांनी धरलेले भाग शंभरात चार.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ते निघाले. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्म्याने फाटकापर्यंत सोबत केली आणि म्हणाला, साहेबांकडून अजून बारा दिवस मागून घेतो. मला रडू येत होतं. माझ्याच जुन्या फाटकापाशी, पहारेकऱ्यासमोर.

२६ मार्च

पूड खराब आहे. नवीन पोतं मागच्याच महिन्यात उघडलं. पूडवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, त्याच पोत्यातली पूड दुसरी तीन गिऱ्हाइकं वापरतात, कुणाची तक्रार नाही. मग पाणी खराब असेल. नाहीतर कारखान्याने मुद्दाम धुण्याच्या पाण्यात काही मिसळलं असेल. साहेबांच्या मनात माझ्याबद्दल पहिल्यापासून अढी आहेच.

ही सगळं ऐकून घेत होती. म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." माझ्या घरात मला हे ऐकावं लागतं.

२८ मार्च

पहिल्या चाचणीतला वहिनींच्या हातचा एक मणी नमुन्याच्या बाटलीत सापडला. तो आणि माझा, दोन्ही पात्याने मधोमध कापले. वहिनींचा कापताना चुरचुर आवाज झाला. भिंगाखाली धरला तर आत भोकंच भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. माझा कापताना पातं घसरून अंगठ्यात शिरलं. आतून तो काच होता. एकही भोक नाही. पाणी आत शिरणार कुठून?

मला भीती वाटली. चुकल्याची नाही, चुका मी खूप केल्यात. माझ्या कृतीने हे मणी कधी झालेच नव्हते, याची.

ही अंगठ्याला पट्टी बांधत होती. मी म्हटलं, ओव्हनमध्येच काहीतरी गोम आहे. ही खाली मान घालूनच म्हणाली, "वहिनींनी तो ओव्हन कधी लावलाच नाही."

"तुला काय माहीत?"

"त्यांनी सांगितलं. तुम्हालाही सांगायला चारदा आल्या होत्या. तुम्हाला वेळ नव्हता."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मला कुठे विचारलंत?"

३० मार्च

वहिनींकडे गेलो. दोन गल्ल्या पलीकडे घर आहे आणि दोन वर्षांत मी तिथे गेलो नव्हतो, हे जिना चढताना लक्षात आलं. दादाचा फोटो पुसलेला होता. वहिनींनी चहा केला. का आलात, असं विचारलं नाही. माझा मणी हातात घेतला, नखाने टोकरला आणि म्हणाल्या, "भाजलात."

मग दाखवलं. हॉस्पिटलातल्या जुन्या कामाची पद्धत. शरीरातला तुकडा पाण्याने भरलेला असतो. ते पाणी एकदम काढलं तर तुकडा आकसतो, आतली रचना मोडते, डॉक्टरला काही दिसत नाही. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू स्पिरिट आणायचं. पहिल्या बरणीत पातळ स्पिरिट, दुसरीत थोडं तेज, असं करत पाचवीत निव्वळ. एकेका बरणीत अर्धा दिवस. शेवटी सावलीत उघड्यावर ठेवलं की स्पिरिट आपसूक उडून जातं.

"पाणी जाताना भिंती ओढत नेतं भावजी. स्पिरिटची ओढ कमी. माणसाचा तुकडा असो नाहीतर तुमचा मणी, आतली घरं उभी राहायला हवीत ना?"

बावीस वर्षं रसायनशास्त्रावर जेवलो आणि हे मला सुचलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं." खरंच म्हटलं, मनापासून. पुढे म्हटलं, "तुमचं नाव घालतो. शब्द देतो."

"शब्द नको. अर्ज पुरा झाला की वाचायला आणा."

दुसऱ्या दिवसापासून यायचं कबूल केलं. माझ्यासाठी नव्हे, असंही सांगितलं. "अर्धवट सोडलेलं काम मला खुपतं," म्हणाल्या.

६ एप्रिल

सत्त्याण्णव!

पिवळा पट्टा असा सरसर उतरत गेला की साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी माझा हात हातात घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "मानलं तुम्हाला. मागच्या वेळी काय झालं होतं?" मी म्हटलं, वाळवण्याची पद्धत सुधारली. "हे मणी करतं कोण?" मी म्हटलं, "मीच करतो."

वहिनी आल्या नव्हत्या, शेडवर होत्या. तिथे त्या असत्या तर मी वेगळं बोललो असतो. कदाचित.

फाटकातून बाहेर पडताना पहारेकऱ्याने सलाम केला. मीही केला.

९ एप्रिल

वकिलांकडे बसून अर्ज भरला. सहाव्या रकान्यापाशी ते थांबले. "एकटेच आहात? शोधात आणखी कुणाचा वाटा असेल तर नाव घालावंच लागतं."

साहेबांनी कालच फोनवर सांगितलं होतं की करार एकाच माणसाशी करायला सोपा जातो, दोन नावं म्हणजे दोन डोकी, दोन मतं. मी ते वकिलांना सांगितलं. वकील म्हणाले, "ते करारापुरतं झालं. मी शोधाचं विचारतोय."

मी विचार केला. प्रामाणिकपणे केला. वहिनींनी जे केलं ती हॉस्पिटलातली जुनीच पद्धत आहे. शंभर वर्षं चालत आलेली. तिच्यात शोध कसला? मण्यांना ती लावली, एवढंच. आणि वहिनींचं वय बासष्ट. मला अजून दहा वर्षं या नावावर काढायची आहेत. शिवाय बाहेर सगळ्यांना काय सांगणार? ज्या माणसाला कारखान्याने काढलं, त्याने भावजयीच्या बरण्यांतून शोध लावला?

वहिनींना वेगळं काहीतरी देता येईल. शेडला त्यांचं नाव देता येईल. हे त्यांना आवडेल असं वाटतं.

पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं. उरलेल्या दोन ओळींवर वकिलांनी आडव्या रेघा मारल्या.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही एवढंच म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." नंतर न जेवताच झोपली. डोकं दुखत असेल.

११ एप्रिल

वहिनींनी अर्ज मागितला. मी द्यायला टाळाटाळ केली, पण डबा घेऊन शेडवर आलेल्या हिनेच तो कपाटातून काढून त्यांच्या हातात ठेवला.

शेडच्या दारात स्टूल टाकून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सहाव्या रकान्यापाशी आल्या तेव्हा मी कारणं सांगायला लागलो. साहेबांचा करार, जुनी पद्धत, शेडचं नाव. सगळी कारणं मी पाठ केली होती आणि तोंडातून बाहेर पडताना मलाच ती ऐकवेनात. वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही. पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागल्या. मला लाज वाटली. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे म्हणणार नाही.

नवव्या पानावर त्या थांबल्या. "हे चुकलंय."

मला वाटलं, आता नावावरून बोलणार.

"तुम्ही निव्वळ स्पिरिट आधी लिहिलंय आणि पातळ नंतर. असं केलं तर वरचं कातडं आधी आवळतं आणि मणी फुटतो. पेन द्या."

तेज स्पिरिटने पाणी लवकर निघेल म्हणून मीच तो क्रम उलटा केला होता, फरक पडणार नाही असं समजून. पेन दिलं. त्यांनी माझा परिच्छेद रेघ मारून खोडला आणि बाजूच्या मोकळ्या जागेत बारीक, सरळ अक्षरात पाच ओळी लिहिल्या. कोणत्या बरणीत किती पाणी, किती वेळ, शेवटी सावली. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा वाचल्या.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही हे का करताय?"

"हे वाचून उद्या कुणीतरी मणी करायला बसेल. त्याचे फुटायला नकोत."

अर्ज माझ्या हातात दिला. हातमोजे या वेळी दोरीवर टाकले नाहीत, पिशवीत घातले. हिच्याशी दारात उभ्या राहून दोन शब्द बोलल्या. ही त्यांच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि बऱ्याच वेळाने एकटी परत आली.

दुपारी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, खाडाखोड चालणार नाही, आणि दुसऱ्याचं अक्षर तर मुळीच नको, उगाच प्रश्न निघतात, ते पान तुमच्या हाताने नव्याने लिहा. टेबलाशी बसून लिहिलं. वहिनींच्या पाच ओळी मी माझ्या अक्षरात उतरवल्या. एकही शब्द बदलावा लागला नाही. जुनं पान फाडलं. मग शेवटच्या पानावर 'हा शोध माझा एकट्याचा असून त्यात अन्य कोणाचाही हात नाही' असं छापलेलं आहे, त्याच्याखाली सही केली.